हवालदार नाना आणि टिकणारी पोरं

धारूरमध्ये अफवा आहे की गहिनीनाथ हवालदार पोराचा नुसता तळपाय बघून सांगतात, हे फौजेत टिकणार की ट्रेनिंग अर्धवट सोडून घरी येणार. पार दिंद्रुडपासूनचे बाप पोरांना चपला काढून त्यांच्यापुढे उभं करतात.

साफ खोटं. तळपाय सपाट आहे का एवढंच नाना बघतात. ते तर भरतीचा डॉक्टरही बघतो. फौजेतून रिटायर झाल्यापासून किल्ल्याखालच्या माळावर ते पोरांना पळवतात, पण पळण्यावर त्यांचा भरवसा नाही. "दौडता तो घोडा भी है, बे," अर्धं नाकातून, अर्धं मिशीतून. "घर आठवतंय अन् कुणाचं ऐकायची सवय न्हाई, म्हणून येतेत माघारी."

म्हणून भरतीआधी ते पोराला आठ दिवस सिदू मेंढक्याच्या कळपामागं धाडतात. रोज नव्या रानात मुक्काम, मोबाइल घरी, सिदू देईल ती भाकर आणि सिदू देईल ती शिवी.

छबुबाईचा एकुलता बजरंग कळपामागं गेला. वयाच्या अटीत बसणारी त्याची ही शेवटची भरती. दोन दिवसांत सिदू माळावर हजर.

"नाना, तुमचं पोरगं आईच्या नावानं रडायलंय."

"जेवलं का?"

"रडत रडत तीन भाकरी हाणल्या."

"शिवी दिल्यावर?"

"डोळं पुसलं अन् मेंढरं वळवाय गेलं."

"मग ऱ्हाऊ दे. टिकतंय ते."

मी तिथंच होतो, मला राहवलं नाही. "नाना, हे ट्रेनिंगमधून हप्त्यात वापस येतंय. लावा पैज."

"लावली. हरलास तर माझ्या माघारी माझी नक्कल करतोस ना, ती माझ्यासमोर करायची."

म्हणजे त्यांना माहीत होतं.

बजरंग भरती झाला, गेला. पहिल्या फोनवर रडला, दुसऱ्यावरही. मी खुशीत. छबुबाई मात्र पदर खोचून माळावर आली. "नाना, जाऊन घेऊन येऊ का लेकराला?"

"जेवणाचं काय म्हणतोय?"

"दाळ पातळ हाय म्हणतो. पण तिसऱ्यांदा वाढून घेतो म्हणं."

"मग कावून आणता? ऱ्हाऊ द्या."

छबुबाई त्याला आणायला गेली नाही. तिसऱ्या फोनवर बजरंग रडायचं विसरून बूट पॉलिश कसा करतात तेच सांगत बसला.

ट्रेनिंग पुरं झालं, अन् परवा शेवटची कसम परेड करून तो सुट्टीवर आला, वर्दीतच माळावर. नानांनी सगळी पोरं रांगेत बसवली, बजरंगला पुढं बसवलं आणि माझ्याकडं बघितलं.

"हं. चालू कर बे."

केली नक्कल. पोरं लोळली, बजरंग तर सगळ्यात जास्त. नाना हसले नाहीत.

"आवाज जमलाय. चाल चुकली. फिरून कर."