सकाळी न उडणारी रायफल

आमच्या घरात बिघडलेली वस्तू आधी माझ्यापुढे येई. कंदील, शिवणयंत्र, सासूबाईंचा चष्मा. ह्यांची रायफल तेवढी येत नसे, कारण ती पुरुषांची वस्तू. एका पौषात तीही आली.

पोशीरजवळ आमची भातजमीन होती. भात कापून झालं की त्याच खाचरांत आम्ही वाल पेरत असू. वर्षभराचं बिरडं, आल्यागेल्याची उसळ आणि पुढचं बियाणं, सगळं त्या एका पिकावर. त्या साली एका एकांड्या डुकराने अर्धं शेत नांगरल्यासारखं उकरून टाकलं. उरलेल्या अर्ध्यातल्या शेंगा भरायला आठ-दहा दिवस होते. तेवढे दिवस डुक्कर थांबणार नव्हतं.

रायफल एका साहेबाने विलायतेला परत जाताना ह्यांना विकलेली. बोल्ट मागे ओढायचा, काडतूस घालायचं, बोल्ट पुढे सारायचा. डोंगराकडच्या ठाकरवाडीतला एक म्हातारा माग काढण्यात पटाईत होता. पहाटे तो झुडपातून डुक्कर हुसकायचा आणि हे बांधाआड बसायचे.

पहिल्या सकाळी नुसतं खट्ट वाजलं, बार उडाला नाही. दुसऱ्या सकाळी उडाला, पण नेम चुकला. तिसऱ्या सकाळी पुन्हा खट्ट. तो आवाज ऐकून डुक्कर वळलं ते थेट म्हाताऱ्यावर. म्हातारा ऐनाच्या झाडावर चढला आणि डुक्कर गेल्यावरही बराच वेळ उतरेना.

उतरला तो तडक आमच्या अंगणात. "वयनी, ही बंदूक नाय, नवी नवरी हाय. सकाळची बोलायचीच नाय."

"मग दुपारी या तिच्याशी बोलायला," मी म्हटलं.

"हसू नको गं बाय. या वयात झाडावर चढलो मी. दादाला सांग, बार उडंल याची खातरी दे, तवाच मी येतो. नायतर तुमचं वाल डुकराच्या बापाचं."

एवढं सांगून तो चहा पिऊन गेला. त्याच्याशिवाय डुक्कर बाहेर येणार नव्हतं, म्हणजे वाल गेल्यातच जमा.

ह्यांचं म्हणणं, काडतुसं सर्दावली. पहिल्या दिवशीच त्यांनी ती सुपात घालून माझ्या पापडांशेजारी उन्हात ठेवली होती. आता दोन्ही न उडालेली काडतुसं घेऊन ते दुपारी बांधावर गेले. दोन्ही उडाली. "बघ, वाळली," म्हणाले.

"आज सकाळचं तर काल दिवसभर उन्हात होतं. ते का उडालं नाही?"

ह्यांनी मिशीवरून हात फिरवला.

ह्यांनी ती काडतुसं बांधावर नेण्याआधीच मी पाहून ठेवली होती. काडतुसाच्या बुडाशी एक बारीक टोपी असते. बोल्टातली सुई स्प्रिंगच्या जोराने तिच्यावर आपटते, तेव्हा बार उडतो. सकाळचा घाव नखाच्या खुणेएवढा होता. दुपारी उडाल्यावर पाहिलं, तर मसुरीएवढा खोल खड्डा. म्हणजे काडतुसांचा दोष नव्हता. सुई सकाळी हळू आपटत होती आणि दुपारी जोरात.

दुसऱ्या दिवशी हे रायफल घेऊन कर्जतच्या बाजारात गेले. तिथे घड्याळं आणि बंदुका दोन्ही दुरुस्त करणारा एक कारागीर होता. त्याने भर दुपारी वीस वेळा घोडा ओढून पाहिला. "स्प्रिंग ठणठणीत आहे. बंदुकीला काही झालेलं नाही. झोप पुरी होते ना तुमची?"

हे घरी आले ते न जेवताच झोपले.

उत्तर मला त्याच्या पुढच्या सकाळी वेणी घालताना सापडलं. खोबरेलाची बाटली उलटी केली, तर थेंब पडेना. पौषात हे रोजचंच. बाटली उन्हात ठेवायची आणि थांबायचं. थांबता थांबता मी काडीने तेल उकरत होते. काडी जड जात होती. अर्धी वेणी हातात धरून मी तशीच उठले.

दसऱ्याला घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून त्यांची पूजा होते. कोयता, विळे, शिवणयंत्र आणि रायफल. गंज चढू नये म्हणून मी घरातल्या प्रत्येक कुलपाला खोबरेल घालते. त्या दिवशी बोल्टातही घातलं होतं, चांगलं हात सैल सोडून. आश्विनातल्या उकाड्यात ते पाण्यासारखं आत उतरलं होतं.

"अहो, तो बोल्ट काढा!"

"अगं, केस तरी बांध."

"केस राहू देत. आधी बोल्ट."

बोल्ट काढणं ह्यांना येत होतं, आतलं उघडणं येत नव्हतं. दोघांनी मिळून उघडला. स्प्रिंग सुटली ती उडून सासूबाईंच्या ताकात पडली. त्यांनी ती पळीने काढून दिली. सुईभोवती आणि बोल्टाच्या पोकळीत गोठलेलं तेल गच्च बसलं होतं, पूजेच्या कुंकवाने गुलाबी झालेलं.

"हे कोणी घातलं?" हे ओरडले.

"मी. दसऱ्याला. तुम्ही हार घालत होता तेव्हा."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या गुलाबी लोण्याकडे पाहिलं आणि हसता हसता भिंतीला टेकले. सासूबाई म्हणाल्या, "देवाला तेल जास्त झालेलं चालतं. ह्या बंदुकीला चालत नाही होय?"

"पण दुसऱ्या सकाळी कशी उडाली?" ह्यांनी विचारलं.

"त्या दिवशी कुठे बसला होतात?"

ह्यांनी आठवून पाहिलं. फार कुडकुडत होते, म्हणून रायफल मांडीवर घेऊन शेकोटीपाशी अर्धा तास बसले होते. कोडं सुटलं.

मी सगळं घासलेटने धुतलं, कोरडं पुसलं आणि शिवणयंत्राच्या तेलाचा नुसता हात फिरवला. हे लगेच बार काढायला निघाले. मी अडवलं. दुपारी ती आधीही उडतच होती. परीक्षा थंडीतच व्हायला हवी. रायफल रात्रभर ओसरीवर ठेवली, शेजारी खोबरेलाची बाटली. उजाडताना पाहिलं, बाटलीतलं तेल दगड झालं होतं. ह्यांनी परड्यातल्या बांधावर नेम धरला. असा दणका बसला की कोंबड्या कौलांवर गेल्या आणि शेजारीण लाटणं घेऊन धावत आली. "डुक्कर घरात शिरलं का गं?"

म्हाताऱ्याला निरोप गेला. दुसऱ्या सकाळी तो आला, रायफल हुंगली आणि म्हणाला, "घासलेट पाजलंस व्हय? चल रं दादा." मी भाकऱ्या थापत होते. तासाभराने एकच बार ऐकू आला. मग म्हातारा ह्यांच्याही आधी पळत आला. "बोलली गं वयनी! पयल्या हाकंला बोलली!"

मेलेलं डुक्कर ठाकरवाडीत गेलं, आमच्याकडे ते खात नसत. उरलेले वाल पुरते भरले. पहिल्या शेंगांची आम्ही शेतातच पोपटी लावली: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, शेंगा, मीठ, ओवा, आणि मडकं उपडं घालून भोवती पेंढ्याचा जाळ. म्हाताऱ्याने तीन वेळा वाढून घेतलं. निघताना त्याने टाचांच्या भेगांना लावायला तेल मागितलं. मी ती खोबरेलाची बाटलीच दिली. "उन्हात ठेवा हं, गोठतं."

"ठेवतो," म्हातारा म्हणाला, "पन बंदुकीपास्नं लांब."