गोधडीचा मधला भाग

आई गेली त्या दिवशी शेजारच्या बायकांनी तिचं अंथरूण गुंडाळून खाली नेलं. माणूस ज्यावर गेलं ते घरात ठेवायचं नाही, अशी आमच्याकडे रीत. उशी गेली, चादर गेली आणि पायाशी घडी घालून ठेवलेली गोधडीही गेली. मी तेव्हा डॉक्टरांच्या दाखल्यासाठी फोनवर होते. आत आले तर पलंगाची नुसती फळी दिसली. त्या वेळी काही वाटलं नाही. वाटायला सवड कुठे होती?

मुलुंडच्या त्या घरात आम्ही दोघीच राहायचो. मी लग्न केलं नाही. शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते, निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी आई गेली. नंतरचे दिवस कसेबसे ढकलता यायचे, पण शनिवार जाता जात नसे. नोकरीत असताना अर्धी शाळा करून मी घरी यायचे आणि आम्ही दोघी सावकाश जेवायचो. ती सवय अंगातून निघेना. दुपारी बारा वाजले की उगाच गॅसपाशी जाऊन उभी राहायचे.

एका शनिवारी जवळच्या वाचनालयात मासिक बदलायला गेले, तर वरच्या हॉलमधून बायकांचे आवाज येत होते. गोधडीचा वर्ग होता. शिकवणारी मुलगी तिशीची असेल. जुन्या कापडांची निगा कशी राखायची याचं शिक्षण घेतलेली. तिचा एकच नियम होता. "नवीन डिझाइन करायचं नाही. घरातली एखादी जुनी गोधडी घ्यायची आणि ती जशी होती तशीच पुन्हा शिवायची. नमुने तेव्हाचे, कापड तेव्हासारखं, टाका हातचा."

बाकीच्या बायकांनी पिशव्यांतून आज्यांच्या, सासवांच्या गोधड्या आणल्या होत्या. माझ्याकडे एक फोटो होता, तोही काळापांढरा. घाटकोपरच्या टेकडीवर आमची एक खोली होती. तिथल्या ओट्यावर आईने गोधडी पसरलीय आणि मध्यभागी मी, चार महिन्यांची, पालथी पडलेय. कडेची त्रिकोणांची एक ओळ तेवढी कळते. बाकी सगळं धूसर.

आईबरोबर गेलेली गोधडी हीच, पण मोठेपणी आम्ही तिचं मूळ रूप कधी पाहिलंच नाही. विरली की आई वरून जुनं लुगडं चढवायची, पुन्हा विरली की दुसरं. मूळचे तुकडे कुठेतरी आत गेले. उसवून बघू या कधीतरी, असं मी म्हणायचे आणि ती म्हणायची, "कशाला? ऊब तीच आहे ना?"

शिकवणाऱ्या मुलीने टेबलावर कागदी नमुने मांडले. बायकांनी लगेच त्यांना नावं दिली. विटा, भिंगरी, चौकटीत चौकट, शंकरपाळी. मी क्षणभरही न थांबता शंकरपाळीवर हात ठेवला. लहानपणी त्या तिरक्या रेषेवरून बोट फिरवत मला झोप लागायची, हे मला पक्कं आठवत होतं. तसं मी तिला सांगितलं.

"आठवण एकाचीच असली की मी ती पक्की धरत नाही, पेन्सिलने लिहिते, काकू," ती म्हणाली. "ती गोधडी पांघरलेलं आणखी कोणी आहे?"

होता ना. दादा. बोरिवलीला.

दादाला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावी बाजू लुळी, बोलणं संथ. भाऊबीज सोडली तर आमचं जाणं-येणं राहिलं नव्हतं. भांडण काही नव्हतं, नुसतंच राहून गेलं होतं. मी फोटो घेऊन गेले. त्याने तो डोळ्यांजवळ धरला.

"शंकरपाळी?" तो म्हणाला. "खुळी की काय गे तू? विटा होत्या. लाल-पांढऱ्या. बाबा मिलमधून नमुन्याचे तुकडे आणायचे, त्या पट्टेरी कापडाच्या."

"नाही रे दादा. तिरक्या होत्या. मी बोट फिरवायचे."

"आईने पहिलं लुगडं चढवलं तेव्हा तू पाच वर्षांची होतीस. तुला काय आठवणार?"

"तुझ्यापेक्षा जास्त आठवतं. आईजवळ शेवटपर्यंत मी होते."

हे मी का बोलले कोण जाणे. त्याने उजवा हात गादीवर आपटला. वहिनी आतून धावत आली, "अहो, बीपी वाढेल." मी अर्धा चहा तसाच ठेवून निघाले.

घरी आले, पर्स खुंटीला लावली आणि लक्षात आलं की हे भांडण सांगायला घरात कोणी नाही. आई असती तर तिने आधी दादाची बाजू घेतली असती, मग माझी, आणि शेवटी दोघांनाही शिव्या घालून भाकऱ्या थापायला बसली असती. मी रेडिओ लावला. जरा वेळाने बंद केला.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी फोन वाजला. दादा स्वतःहून कधी फोन करत नसे, म्हणून मी घाबरून उचलला.

"भिंतीकडे कोण झोपायचं?" त्याने विचारलं.

"तू."

"आणि दाराकडे?"

"मी. बाबा बाहेर ओट्यावर."

तो शब्द जुळवत होता. "मग तुझ्या बाजूला शंकरपाळी असतील. माझ्या बाजूला विटा होत्या. दोन्ही असतील."

मला हसूच आलं. इतकी साधी गोष्ट दोघांनाही सुचली नव्हती. मी विचारलं, "आणि मधे रे? मधे काय होतं?"



"मधे आई असायची," तो म्हणाला.

त्यानंतर दर शनिवारी त्याचा फोन येऊ लागला. त्याला रंग आठवत, मला रेषा. बाबांच्या पायजम्याचे निळे पट्टे, आईच्या हिरव्या लुगड्याचा काठ, एक पिवळा ठिपक्यांचा तुकडा, जो त्याच्या मते माझ्या झबल्याचा होता आणि माझ्या मते त्याच्या सदऱ्याचा. तसं कापड शोधत मी घाटकोपरची दुकानं पालथी घातली. "मावशी, पट्टे हवेत तर टेरिकॉटमध्ये घ्या ना, सुतीत कुठे येतं आता असलं?" दुकानदार म्हणाला. शेवटी एका मागच्या गल्लीत जुन्या साठ्यातलं मिळालं. धुतल्यावर रंग जरा उतरला तेव्हा कुठे ते बरोबर वाटायला लागलं.

वर्गात बायका शिवता शिवता बोलत. ही लेकीला देणार, ती नातवाच्या बारशाला. एकीने मला विचारलं, "तुमची कोणासाठी?" मी म्हटलं, "माझ्यासाठीच." ती "छान, छान" म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. नंतर ती माझ्याशी जरा जास्तच गोड बोलायची. ते मला आवडत नसे.

दोन्ही बाजू जुळल्या, मधली जागा रिकामी. कोणी म्हणालं, मोठं फूल घ्या. कोणी म्हणालं, भिंगरी घ्या, त्या काळी होतीच. मी भिंगऱ्या कापल्या, शिवल्यासुद्धा. दिसायला झकास दिसत होत्या. पण बघितलं की कोणा दुसऱ्याच्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. मी त्या उसवल्या.

"माहीत नाही ते भरायचं नसतं, काकू," शिकवणारी मुलगी म्हणाली. "जुनं वस्त्र दुरुस्त करताना आम्हीही फाटलेल्या जागी साधं कापड लावतो. नक्षी आपल्या मनाने काढत नाही."

"भोक पडल्यासारखं दिसेल."

"दिसू दे."

मी मांजरपाट आणलं, न धुतलेलं, पिवळसर, खरखरीत. दोन्ही बाजूंना टाका घालताना चौकोनाच्या कडेने जाता येत होतं. मधे कडाच नव्हती. नुसता धावदोरा, ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ. दुपारी खिडकीत बसून मी ते काम करायचे. आई गेल्यावर मी रडले नव्हते. लोक म्हणत, किती धीराची आहे. मांजरपाटावर टाके घालताना मात्र सुई दिसेनाशी व्हायची. मग थांबायचे, तोंड धुऊन यायचे आणि पुन्हा बसायचे.

गोधडी पुरी झाली तेव्हा मी ती चादरीत बांधून बोरिवलीला नेली. दादाने वहिनीला ती पलंगावर पसरायला सांगितली. उजव्या हाताने तो सगळीकडून चाचपत राहिला. विटा, पट्टे, मग मधलं कापड. तिथे हात थांबला.

"आईचे टाके बारीक होते," तो म्हणाला.

"माझे डोळे बघ ना आता. तेवढे तरी आले."

तो हसला. झटक्यानंतर हसताना त्याचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं, म्हणून तो हसणं टाळायचा. त्या दिवशी हसला. मग म्हणाला, "जरा घाल बघू अंगावर," आणि आम्ही बोलत असतानाच त्याचा डोळा लागला.

वहिनीने हळूच विचारलं, "राहू दे का आजच्यापुरती?"

मी "राहू दे" म्हटलं. आजच्यापुरती नाही हे तिलाही कळलं होतं, मलाही. परत निघाले तेव्हा हातात रिकामी चादर होती. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? इतके महिने ती माझ्या मांडीवर होती.

वर्गाने शेवटी हॉलमध्ये गोधड्या मांडल्या. शिकवणाऱ्या मुलीने माझी मागितली. "वापरात आहे," मी सांगितलं. ती म्हणाली, मग उत्तमच.

दादाचे फोन नंतर कमी झाले. रंग ठरले, नमुने ठरले, विचारायचं काही उरलं नाही. आता एखाद्या शनिवारी येतो, एखाद्या शनिवारी मी करते. कधी वहिनी उचलते आणि सांगते, झोपलेत. तो असला तर विचारतो, "जेवलीस?" मी म्हणते, "हो. तू?" तो म्हणतो, "हो." मग आम्ही दोघंही फोन ठेवत नाही, थोडा वेळ तसेच धरून बसतो.