भरपाई

आमच्या अमडापुरात पत्ते म्हणजे रमी, नाहीतर तीन पत्ती. ब्रिज फक्त आमच्या घरी. माझे यजमान इंजिनीअर. धरणाच्या कॉलनीत असताना ते हा खेळ शिकले, आणि निवृत्तीनंतर त्यांनी मला आणि शेजारच्या मास्तर नवरा-बायकोला पकडून पकडून शिकवला. दुपारचा चहा झाला की ओसरीवर टेबल लागायचं. मी ह्यांची भिडू.

मला खेळापेक्षा ह्यांच्या नियमांचा वैताग. बदामाची उतारी झाली, हातात बदाम असूनही दुसरंच पान टाकलं आणि पुढचा हात सुरू होईपर्यंत ते लक्षात आलं नाही, की भरपाई. जिंकलेला एखादा हात समोरच्यांना द्यायचा. एकदा मास्तरीणबाई रडकुंडीला आल्या, "चुकून पडलं हो!" तर हे म्हणाले, "मी कुठं म्हणतो जाणून टाकलं? नियम ते इचारतच नाई. हात द्या, गोष्ट खतम." गावच्या डावात चूक झाली की माणसं बापजाद्यांपर्यंत पोचतात, इथं कुणी कुणाला लबाड म्हणत नाही, याचं ह्यांना कोण कौतुक!

मग ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग जावयाचं नाव. अकोल्याच्या डॉक्टरांनी आजार सांगितला, तेव्हा हे म्हणाले, "जोपर्यंत पत्ते समजतात, तोपर्यंत मले काई झालं नाही." मीही तेच धरून बसले. भिडूला विचारायची मुभा नियमातच आहे, म्हणून मी दर वेळी विचारू लागले, "बदाम नाई का हो?" हे पानं चाळायचे, सापडलं की बदलायचे. वेळेत सुधारलं तर भरपाई नसते. खोटं सांगत नाही, त्या दिवसांत मी देवापेक्षा त्या नियमावर जास्त विसंबले.

एका दुपारी किलवरची उतारी होती. मी विचारलं. "नाई म्हनलं ना!" म्हणत ह्यांनी हुकूम मारला आणि हात घेतला. थोड्या वेळानं ह्यांच्याच हातून किलवरचा राजा पडला. मास्तरांनी पाहिला, बाईंनी पाहिला. मास्तर हळूच म्हणाले, "चाला, पुढचं पान." मला हायसं वाटलं.

ह्यांनी पत्ते खाली ठेवले. "किलवर होतं माह्याजवळ. हात घ्या."

"जाऊ द्या ना साहेब. खेळच तर हाय."

"काऊन जाऊ द्या? मले खेळातून काढलं का तुमी?"

मास्तर आपली पानं जुळवत बसले. मला त्यांचा असा संताप आला! "घ्या ना तो हात, मास्तर!" मी ओरडले. त्यांनी घाईघाईनं आमच्यापुढचा एक हात ओढून घेतला.

हे माझ्याकडे बघत राहिले. "तू सांगतलं म्हणून घेतला त्यायनं," म्हणाले, आणि टेबलावरून उठले.