‘सेंट’ म्हणजे पोचला असं नव्हे

गेल्या सोमवारची गोष्ट. इथे कॅनडात, हॅलिफॅक्समध्ये रात्रभर बर्फ पडून गेला होता आणि मी माझ्या नेहमीच्या शिफ्टला डेकेअरमध्ये पोचले. कोटही काढला नव्हता, तेवढ्यात आमची सुपरवायझर शॅरन समोर आली... चेहरा लालबुंद.

म्हणे, आज सकाळी डेकेअर उघडायची ड्यूटी माझी होती. तिने रविवारी तसा टेक्स्ट केला होता. मी आले नाही, आणि आईबाप पोरांना कडेवर घेऊन बंद दारासमोर बर्फात ताटकळले... शेवटी शॅरनच घरून धावत आली, आणि चूक माझी असं तिने त्यांना सांगितलं.

मला टेक्स्ट आलाच नव्हता. तसं सांगितलं, तर तिने सगळ्यांच्या देखत स्वतःचा फोन माझ्या नाकासमोर धरला. "सी? इट सेज सेंट!" शनिवारी तिने केलेला कॉल मी उचलला होता, म्हणजे फोन चालू आहे, नंबर बरोबर आहे... मग टेक्स्ट तेवढा कसा येत नाही? वर आठवण करून दिली, की मी अजून प्रोबेशनवर आहे आणि ही वॉर्निंग समजायची.

खरं सांगते, नोकरी जाते की काय, अशी भीती वाटली. नागपूरला माझी स्वतःची बालवाडी होती. इथे पहिल्यापासून सुरुवात करून, कोर्स करून, कसंबसं हे काम मिळालं होतं.

पण भीतीपेक्षा जास्त झोंबलं ते दुसरंच. शॅरन मला विसराळू म्हणत नव्हती... खोटारडी म्हणत होती. संध्याकाळी मुलीला न्यायला आलेली एक आई, रोज माझ्याशी दोन शब्द बोलणारी, माझ्याकडे न बघताच निघून गेली.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. मंदार म्हणाला, "अगं, सॉरी म्हणून टाक ना! प्रोबेशन संपेपर्यंत कशाला वाद?" त्याचंही काळजीपोटीच होतं, कळत होतं मला.

या देशात आल्यापासून मी सॉरी भरपूर म्हटलंय. बसमध्ये कुणी माझ्या पायावर पाय दिला, तरी सॉरी मीच! पण न केलेल्या चुकीला सॉरी म्हटलं, की ती चूक कायमची आपल्या नावावर लागते... "नाही म्हणणार," मी सांगितलं, आणि थेट फोन कंपनीच्या कस्टमर केअरला कॉल लावला.

बराच वेळ होल्डवर ठेवल्यावर एक मुलगी आली आणि तिने फार छान समजावलं. सेंट म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनमधून निघाला, एवढंच. तिथून तो त्यांच्या कंपनीकडे, मग आमच्या कंपनीकडे, मग माझ्या फोनवर... मध्ये कुठेही अडकू शकतो.

मग तिने विचारलं, तुम्ही अलीकडे कंपनी बदललीत का? बदलली होती ना! नंबर तोच ठेवून, याच महिन्यात. अशा वेळी कधीकधी दुसऱ्या कंपनीवरून येणारे टेक्स्ट तुमच्या जुन्या कंपनीकडेच जात राहतात, ती म्हणाली. कॉल मात्र व्यवस्थित येतात, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. दुरुस्तीला एक-दोन दिवस लागतील म्हणाली.

म्हटलं, लागू देत. उद्या शॅरनला दाखवेपर्यंत तो बिघाड मला हवाच होता.

दुसऱ्या दिवशी मुलं दुपारी झोपली आणि स्टाफ रूममध्ये सगळ्या चहाला जमल्या. मी माझा फोन टेबलाच्या मधोमध ठेवला. "शॅरन, मला आत्ता एक टेक्स्ट कर."

"आय डोन्ट हॅव टाइम फॉर धिस." शेजारी मुलं झोपलेली, त्यामुळे आमचं भांडणसुद्धा कुजबुजत... पण मी हलले नाही. तेव्हा ब्रेंडा, आमची सगळ्यात जुनी टीचर, कप खाली ठेवून म्हणाली, "ओह, जस्ट सेंड इट, डिअर."

शॅरनने पाठवला. तिच्या फोनवर सेंट... माझा फोन गप्प. सगळ्या टेबलाकडे बघत बसल्या. मग ब्रेंडाने स्वतःच्या फोनवरून पाठवला (तिची फोन कंपनी माझीच), आणि माझा फोन लगेच टिंग करून वाजला. शेवटी शॅरनने कॉल लावला... तोही वाजला. तिचा टेक्स्ट मात्र काही आला नाही.

मी तिला कालचं सगळं सांगितलं. शॅरन खुर्चीत बसली. "ओके. आय वॉज राँग. वॉर्निंग विसरून जा."

इथे थांबता आलं असतं. पण मी म्हटलं, "थँक यू. पण ते आईबाप अजून मलाच दोष देतायत. त्यांनाही तू सांग. आणि यापुढे शिफ्ट बदललीस तर कॉल कर. टेक्स्ट केलास तर माझं उत्तर येईपर्यंत तो मला मिळाला असं धरू नकोस."

त्या संध्याकाळी शॅरन दाराशी उभी राहिली आणि सोमवारी ताटकळलेल्या प्रत्येकाला तिने सांगितलं, चूक हिची नव्हती. सोपं नसतं हे, त्याबद्दल तिला मानते मी. आणि ब्रेंडा, तुला हे मराठी वाचता येणार नाही, तरी मनापासून थँक्स!

परक्या देशात आपल्या शब्दावर लोकांनी आपणहून विश्वास ठेवला तर उत्तमच. नाही ठेवला, तर मागून घ्यायचा... शांतपणे, सगळ्यांसमोर, मान वर करून.