अकरा पॉइंट आठ

बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षी माझ्या केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये एका पानावर सरांनी सही केली नाही. ते जर्नल अजून माझ्या कपाटात आहे. पान बरोबर आहे. तेव्हाही बरोबर होतं. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मला पश्चात्ताप झाला असेल अशा आशेनं कुणी वाचायला नको.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहायचो. बाबा अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. घरात बुद्धवंदना म्हणायची ती आई, आणि पेपर वाचून दाखवायचा तो बाबांनी. आमच्या दोन्हीकडच्या नात्यात पदवीच्या शेवटच्या वर्षापर्यंत पोचलेली मी पहिली. बाबांच्या कारखान्यात लॅबमध्ये केमिस्ट घ्यायचे तर 'बी.एस्सी. फर्स्ट क्लास' अशी पाटी गेटवर लागायची. बाबांनी ती पाटी इतक्या वेळा वाचली होती की आमच्या घरात 'फर्स्ट क्लास' हा शब्द देवाच्या नावासारखा झाला होता. देव नव्हता, म्हणून जागा मोकळीच होती.

प्रॅक्टिकलचा नियम असा होता: वर्षभरात सोळा प्रयोग, प्रत्येकाचं एक पान, प्रत्येक पानावर सरांची सही. सोळा सह्या झाल्या की पहिल्या पानावरचं सर्टिफिकेट भरायचं. सर्टिफिकेट नसेल तर परीक्षेच्या प्रॅक्टिकलला बसू देत नसत. म्हणजे वर्ष गेलं.

आणि वर्गाचा नियम असा होता की हे सोळा प्रयोग कुणी करायचे नाहीत. म्हणजे उभं राहायचं, ब्युरेट भरायची, नळी फिरवायची, पण आकडे लिहायचे ते मागच्या वर्षीच्या जर्नलमधून. ते जर्नल शोधावंसुद्धा लागत नसे. कॅम्प दोनच्या बाजारात एक सिंधी अंकल होते, त्यांच्या झेरॉक्सच्या दुकानात सोळाच्या सोळा प्रयोग बांधून तयार मिळत. मी एकदा पार्टनरसोबत गेले होते. पार्टनर म्हणजे माझ्या टेबलावरची मुलगी, अंबरनाथहून यायची, हुशार आणि भयंकर आळशी.

अंकल म्हणाले, "बेटी, आँख बंद करके लिखो. रीडिंग एकदम पक्का है. पाँच साल में एक भी कंप्लेंट नहीं."

"अंकल, आपने केमिस्ट्री की है?" पार्टनरनं विचारलं.

"मैंने झेरॉक्स किया है. वो भी तो करना ही है ना?"

पार्टनरनं गठ्ठा घेतला. मी घेतला नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. मला आकडे मोजायला आवडत. ब्युरेटच्या काचेच्या नळीवरची ती बारीक रेघ डोळ्यासमोर आणून, श्वास धरून, 'आठ की नऊ' हे ठरवण्यात मला मजा यायची. जी गोष्ट करायला आवडते ती कुणाच्या झेरॉक्सवरून का उतरवायची?

गडबड झाली ती अकराव्या प्रयोगाला. दिलेल्या द्रावणात मॅग्नेशियम किती, ते ईडीटीए नावाचं दुसरं द्रावण थेंब थेंब टाकून काढायचं. दिलेलं द्रावण दहा मिलिलिटर घ्यायचं, त्यात डिस्टिल्ड वॉटर घालून शंभर करायचं, त्यातलं पंचवीस चंबूत घ्यायचं, बफर आणि रंगाची चिमूट टाकायची. चंबूतलं पाणी वाइनसारखं लाल होतं. मग वरून ईडीटीए सोडत जायचं. मॅग्नेशियम संपलं की लाल जाऊन निळं होतं. तेवढं ईडीटीए किती लागलं, ते उत्तर. सर दरवर्षी त्याच प्रमाणाचं द्रावण बनवायचे, त्यामुळे झेरॉक्समध्ये दरवर्षी एकच उत्तर: १०.०.

माझं आलं ११.८. पुन्हा केलं, ११.८. तिसऱ्यांदा, ११.८.

मी तेच लिहिलं. सरांनी पान पाहिलं आणि लाल पेनानं आडवी रेघ मारली. "हात साफ नाही तुझा. रिपीट."

पुढच्या आठवड्यात मी ब्युरेट ॲसिडनं धुतली, पिपेट बदलली. ११.८. पुन्हा लाल रेघ.

पार्टनर वैतागली. "अगं येडी आहेस का तू? टाक ना दहा आणि सूट. बेचाळीस जणांचं दहा आलंय!"

"तुझं खरंच दहा आलं?"

"माझं? मी तर ब्युरेटचा नळच उघडला नाही. गळतो तो."

तिसऱ्या आठवड्यात माझ्या हातून चूक झाली, आणि त्या चुकीनंच सगळं उघडं पडलं. पिपेट विसळायला एका बीकरमध्ये नुसतं डिस्टिल्ड वॉटर ठेवलेलं असतं. घाईत मी द्रावणाऐवजी त्यातलंच पंचवीस मिलिलिटर चंबूत घेतलं. बफर टाकलं, रंग टाकला. लाल झालं. ईडीटीए सोडायला लागले आणि दोन मिलिलिटरलाच निळं.

पार्टनर हसत सुटली. "अगं, तू पाणीच घेतलंस! पाण्यात मॅग्नेशियम शोधतेय बघा, फर्स्ट क्लासवाली!"

आजूबाजूची टेबलंही हसली. मीही हसले. आणि मग माझं हसू थांबलं. डिस्टिल्ड वॉटर म्हणजे वाफ करून थंड केलेलं शुद्ध पाणी. त्यात काहीच नसतं. ते लाल व्हायलाच नको होतं. पहिल्या चिमटीलाच निळं व्हायला हवं होतं.

मी जर्नलच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. पंचवीस मिलिलिटर पाण्याला दोन. माझ्या द्रावणात दहा भागांतले नऊ भाग हेच पाणी. दोनाचे नऊ दशांश म्हणजे एक पॉइंट आठ. अकरा पॉइंट आठमधून एक पॉइंट आठ गेले की राहिले दहा.

माझा हात साफ होता. पाणी साफ नव्हतं.

लॅबच्या मागच्या खोलीत मामा होते. मामा म्हणजे आमचे लॅब अटेंडंट. बदलापूरच्या पलीकडच्या गावातले, घरची भातशेती, कॉलेजात वीस वर्षं. त्यांना सगळे मामाच म्हणत, प्रिन्सिपॉलसुद्धा. मी त्यांना म्हटलं, "मामा, डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमध्ये काय भरता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कोपऱ्यातल्या यंत्राकडे. "मशीन दिवालीपासून बसलीया. कॉइल जलाली. नलाचंच भरतो. कॅन रिकामा ठेवला त मलाच बोलतान."

"सरांना सांगितलं नाही?"

"तीनदा! अर्ज दिलाय लिहून. त्याची कार्बन कॉपी हाय माझ्याकडं, त्यावर सरांची सही हाय, मिलाला म्हणून. दाखवू?"

दाखवली. खरंच होती. दिवाळीपासून म्हणजे तीन महिने. ईडीटीए, बफर आणि आम्हाला दिलेलं द्रावण दिवाळीच्या आधीचे बनवलेले, ते ठीक होते. पण तीन महिने बेचाळीस जण नळाचं पाणी वापरत होते आणि कुणालाही कळलं नव्हतं. मला तेव्हा आठवलं, क्लोराइडची परीक्षा घेताना हल्ली, क्षारात क्लोराइड नसलं तरी, सगळ्यांच्याच नळीत पांढरट यायचं. पण कुठल्या बाटलीत कुठला क्षार आहे हे आधीच माहीत असल्यामुळे नळीकडे बघणार कोण? सगळे खोटं लिहीत होते म्हणूनच हे खोटं पाणी खपलं. सगळ्यांनी खरे आकडे लिहिले असते तर पहिल्याच आठवड्यात मशीन दुरुस्त झाली असती.

मी मामांना विचारलं, "मी हे जर्नलमध्ये लिहिलं तर तुम्हाला त्रास होईल का?"

"माझं नाव कशाला लिवतेस? पाणी लिव. पाण्याला कोण मेमो देतंय?"

मी लिहिलं. रीडिंग ११.८. नुसत्या पाण्याचं रीडिंग २.०. वजा १.८. उत्तर १०.०. आणि खाली एक ओळ: वापरलेले पाणी डिस्टिल्ड नव्हते.

सरांनी ती ओळ वाचली आणि जर्नल मिटलं. त्यांचा आवाज चढला नाही. "हे काढून टाक. सरळ दहा लिही."

"उत्तर दहाच आहे, सर. मी कसं आलं ते लिहिलंय."

"झेरॉक्समध्ये असं आहे का?" ते बोलून गेले, आणि त्यांच्याच लक्षात आलं. मग म्हणाले, "बाहेरचे एक्झामिनर जर्नल बघतात. कॉलेजचं नाव आहे. आणि तुला एवढं काय पडलंय? तुमच्या लोकांना पासिंगवरसुद्धा पुढे सीट मिळते."

मी एकवीस वर्षांची होते आणि माझे कान तापले. पण उत्तर तयार होतं. "सीट मिळते, सर. डिस्टिल्ड वॉटर मिळत नाही."

मागे कुणीतरी खोकलं. सरांनी जर्नल माझ्याकडे सरकवलं. सही नाही.

घरी सांगितलं तेव्हा बाबा माझ्यावरच उखडले. "साहेब म्हणतो दहा, तर दहा! मी काय म्हणतो, उत्तर तर तेच आहे ना? मग एका ओळीसाठी वर्ष घालवशील? गेटवर पाटी लागली तर काय सांगू, पोरगी पाण्यावर भांडत बसलीय?"

मग मी त्यांना ते 'तुमच्या लोकांना'वालं वाक्य सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

बाबांनी बनियनची बाही ओढली. "पाण्यावरून भांडण आपल्या घराला नवं नाही," ते म्हणाले. "पण फॉर्म भरायची तारीख कधी आहे?"

"जर्नलची शेवटची तारीख शनिवार."

"मग शनिवारपर्यंत भांड."

शनिवारपर्यंत पंधरा पानं सह्या होऊन तयार होती. अकराव्या पानावर नवी लाल रेघ नव्हती आणि सहीही नव्हती. स्टाफरूमबाहेर रांग होती. माझी पाळी आली तेव्हा सरांनी आपलं पेन माझ्यासमोर ठेवलं.

"ही ओळ खोड. दहा लिही. आत्ता सही करतो. दोन मिनिटांचं काम आहे, अगं. हट्टानं कुणाचं भलं झालंय?"

मी ते पेन उचललं नाही. म्हटलं, "सर, तुम्हीच खोडा. तुमच्या अक्षरात दहा लिहा आणि खाली सही करा. मी पान असंच नेईन, एक शब्द बोलणार नाही."

पार्टनर माझ्या मागेच उभी होती. तिनं माझी ओढणी इतकी जोरात ओढली की पिन तुटली.

सरांनी पेन उचललं. पानावर धरलं. निबनं कागदाला टेकून एक निळा ठिपका सोडला, तो अजून आहे. मग त्यांनी जर्नल उलटवून पहिलं पान काढलं आणि सर्टिफिकेटवर 'प्रयोग पूर्ण' याच्यापुढे सोळाच्या जागी पंधरा लिहिलं. सही केली. "परीक्षेला बस. नियम सोळाचा आहे, पण पंधरावर बसू देतो. जर्नलचे मार्क कापले जातील."

"चालेल, सर."

"चालेल म्हणे! तुझ्या फर्स्ट क्लासचं काय?"

"तो मी बाकीच्या पेपरांत काढते."

बाहेर आल्यावर पार्टनर म्हणाली, "तुझ्यासारखी एक वर्गात असली की बाकीच्यांना चोर असल्यासारखं वाटतं."

"मग वाटू दे."

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परीक्षेच्या चार दिवस आधी मशीनला नवी कॉइल बसली. माझ्या पानामुळे बसली की बाहेरचे एक्झामिनर येणार म्हणून बसली, हे मला ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते मी श्रेयात धरत नाही. परीक्षेत मला दुसराच प्रयोग आला. तरी मी आधी नुसत्या पाण्याची चाचणी घेतली. एक्झामिनर शेजारी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हे प्रश्नात नाही." मी म्हटलं, "हो, प्रश्नात नाही." ते पुढे गेले.

निकाल लागला. चारशेपैकी दोनशे अडतीस. फर्स्ट क्लासला दोनशे चाळीस हवे होते. जर्नलचे किती कापले ते गुणपत्रिकेवर लिहिलेलं नसतं, तेव्हा त्या पानानंच माझा क्लास घालवला असं मी म्हणणार नाही. घालवला असेल, कदाचित नसेलही. इनऑरगॅनिकच्या पेपरात एक अख्खा प्रश्न माझा मीच सोडला होता. पण समजा, ते दोन मार्क त्या पानाचेच होते. तरी ते पान मी आजही तसंच लिहीन. ज्या लॅबमध्ये खरा आकडा लिहिल्याबद्दल मार्क जातात, तिथले मार्क कमी पडले तर लाज त्या लॅबला वाटायला हवी. मला कशाला?

त्या दिवशी बाबा कारखान्यातून येताना पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले. चाळीतल्या प्रत्येक दाराशी थांबून सांगत सुटले, "पोरगी ग्रॅज्युएट झाली. साठ टक्के!"

तिसऱ्या दाराशी मी त्यांना गाठलं. "बाबा, एकोणसाठ पॉइंट पाच."

दारातल्या काकू माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीनं बघायला लागल्या.

"अगं, साठच झाले की! अर्ध्यासाठी कुणी भांडतं का?"

"साठ झाले नाहीत."

बाबांनी सुस्कारा सोडला आणि बॉक्स काकूंच्या पुढे धरला. "एकोणसाठ पॉइंट पाच," ते म्हणाले. "पेढा मात्र अख्खा घ्या."