बाबांचं पोट आणि ते दुर्मिळ पिवळं फूल

चहा घ्या आधी. भजी मात्र मागू नका. भज्यांचं नाव निघालं की आमचे बाबा आतल्या खोलीतून बाहेर येतात आणि हा किस्सा स्वतः सांगायला बसतात. ते सांगतात तेव्हा माझी उरलीसुरली अब्रूही जाते. त्यापेक्षा मीच सांगून मोकळा होतो.

तर, मी मधमाश्या पाळतो. नागपूरच्या नंदनवन वस्तीत, घराच्या गच्चीवर. हसू नका! नोकरी हिंगण्याच्या कारखान्यात, पण जीव माश्यांत. एक शिबिर केलं, सातेरी माश्यांची एक पेटी आणली आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागलो. फुलावरून आलेल्या माशीच्या मागच्या पायांवर परागाच्या बारीक गोळ्या असतात. त्यांच्या रंगावरून फूल ओळखायचं असतं. मी तर माशी दिसायच्या आधीच ओळखायचो!

गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ एक कोपरा आहे. उन्हाळ्यात वारा म्हणून काही येतो तो तिथंच. तिथं दोन खाटा असायच्या, एक बाबांची आणि एक माझी. पेटीसाठी मी एक खाट हलवली. कुणाची? अहो, हे काय विचारणं झालं? बाबांची खाट गेली जिन्याजवळ.

बाबा कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. झुणका, पाटोडी, गोळाभात अशा बेसनाच्या पदार्थांवर वाढलेला माणूस. पण पोट फुगायचं, ढेकरा यायच्या, म्हणून डॉक्टरांनी त्यांचं बेसन बंद केलेलं. मी घरातला बेसनाचा डबाच उचलून शेजाऱ्यांना देऊन टाकला. असा कडक मुलगा!

"जागा गेली, बेसनही गेलं," बाबा म्हणाले. "आता मी काहून राहू या घरात? त्या माश्या ठेव अन् मले काढ."

"बाबा, याच माश्या तुमचं पोट बरं करतीन. रोज सकाळी एक चमचा पराग खा. पचनाले एक नंबर!"

"अन् नाही झालं बरं तं?"

"तं बुद्धपौर्णिमेले पेटी गच्चीवरून खाली. मित्राच्या वावरात नेऊन ठेवतो."

"मी साक्षीदार बरं, मामाजी," माझी बायको वर्षा भाजी निवडता निवडता म्हणाली. हिला मध्ये बोलायला कुणी सांगितलं होतं?

झालं. पेटीच्या दारात भोकांची जाळी लावली. माशी तिच्यातून आत शिरली की पायांवरच्या गोळ्या खालच्या ट्रेमध्ये पडतात. सुरुवातीला ट्रे कोरडाच. मे महिन्यात फुलं आणायची कुठून? आणि मग एका दुपारी बघतो तर काय, ट्रेभर फिकट पिवळ्या गोळ्या! मी गच्चीवर अनवाणी नाचलो. नागपूरच्या गच्चीवर मेमधल्या दुपारी अनवाणी माणूस नाचतो तो फक्त आनंदाने नाही, पण आनंदही होताच.

हा रंग मी कधी पाहिला नव्हता. म्हणजे फूल दुर्मिळ! मी ऑफिसात सांगितलं, गल्लीत सांगितलं, नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकला.

बाबांनी पहिला चमचा तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"वळखीची चव लागून राहिली गा."

"निसर्गाची चव आहे ती, बाबा."

"अस्सं. मंग अजून एक चमचा दे."

काढ्याच्या नावाने तोंड फिरवणारा हा माणूस, सकाळी माझ्याआधी उठून चमचा घेऊन बसायला लागला! मला शंका यायला हवी होती की नाही? मला आली नाही. मला अभिमान वाटला.

ढेकरा मात्र वाढल्या. मी म्हटलं, "विकार बाहेर पडून राहिले," आणि डोस वाढवला. पोट नगाऱ्यासारखं झालं. तेव्हा मी डोस आणखी वाढवला. शेवटी शेजारच्या काकू विचारून गेल्या, तुमचा कूलर बिघडला का?

बुद्धपौर्णिमेला सकाळीच भंडाऱ्याहून आत्या आली. घरात खीर शिजत होती आणि माझा जीव वरखाली. आज पेटी जाणार! मी ठरवलं, ते फूलच शोधून आणतो. तोडून सगळ्यांसमोर ठेवलं की पेटी हलवायची कुणाची हिंमत होईल?

माश्या टाकीवरून निघून दोन गल्ल्या पलीकडे उतरत होत्या. मी मान वर करून त्यांच्यामागे. वाटेत एका गाईला धडकलो, तिची माफी मागितली आणि थेट पिठाच्या चक्कीसमोर पोचलो. सणाचा दिवस, दळणाची ही रांग!

"भाऊ, तुमच्या मागं झाड कोणतं आहे?" मी चक्कीवाल्याला विचारलं.

"मागं? मागं तं नाली आहे."

तेवढ्यात रांगेत बाबा दिसले. हातात डबा. डब्यात चण्याची डाळ!

अरे वा! असं आहे तर! चोरून बेसन खायचं आणि बदनाम माझा पराग! मला इतका आनंद झाला की मी भर रांगेसमोर भाषणच ठोकलं.

"पाहा यायले! डॉक्टरनं बेसन बंद केलं, अन् हे लपून दळून राहिले! म्हणून पोट फुगते, अन् नाव माह्या माश्यांचं!"

बाबांनी डबा रांगेत पुढे सरकवला. "वर्षानं धाडलं मले. तुह्या आत्याले पाटोडी पाहिजे. तू घरातला डबा शेजाऱ्यायले दिला तवापासून मी बेसनाले हात नाही लावला."

"मंग पोट काहून फुगलं?"

बाबांनी नुसतं बोट दाखवलं. चक्कीतून बेसन जिथं पडत होतं त्या डब्याच्या काठावर माझ्या माश्या होत्या. बेसनात लोळत होत्या, ते मागच्या पायांवर थापत होत्या, छान फिकट पिवळ्या गोळ्या करत होत्या. फुलं संपली की माशी मिळेल ती भुकटी गोळा करते, असं शिबिरात सांगितलं होतं म्हणे. तेव्हा मी चहाला गेलो असणार.

"या तुमच्या होय?" चक्कीवाला खवळला. "रोज येऊन राहिल्या! गिऱ्हाईक भेते ना!"

"मी यांना ओळखत नाही," मी म्हणालो.

बाबांनी चिमूटभर बेसन तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि सगळ्या रांगेला सांगितलं, "हेच ते दुर्मिळ फूल!" रांग इतकी हसली की चक्की बंद करावी लागली.

संध्याकाळी माश्या आत परतल्यावर मी मुकाट्याने पेटीचं दार लावलं आणि ती उचलायला वाकलो. खरं सांगतो, रडू येत होतं.

"ठेव तिथंच," मागून बाबांचा आवाज आला. हातात पाटोडीची वाटी.

"पण बाबा, ठरलं होतं ना..."

"या घरात मले बेसन चारायची हिंमत कोणात होती? तुह्यात नाही, तुह्या बायकोत नाही. त्या बिचाऱ्या उन्हातान्हात जाऊन माह्यासाठी आणत होत्या. पेटी हलणार नाही. खाट हलव."

"कोणाची?"

बाबांनी एक लांबलचक ढेकर दिली आणि पाटोडीची वाटी घेऊन माझ्या खाटेवर ऐसपैस बसले.

तेव्हा, कधी मुक्कामाला आलात तर गच्चीवर जरूर या. वाऱ्याच्या कोपऱ्यात बाबा आणि माश्या भेटतील. फक्त जिना चढताना जरा जपून, पायाखाली मी असतो.