पडलेलं आणि पाडलेलं

पॉली शेर्बिनिनचा कुणावरच विश्वास नव्हता. दुकानातलं बटाट्याचं पोतं ती तळापर्यंत हात घालून बघायची. नवरा जिवंत असताना कधी प्रेमाने बोलला, तर ती विचारायची, "आज काय हवंय?"

अशा बाईकडे गावाने कॅरिबूंच्या चाऱ्याचं काम सोपवलं, ते एका परीने बरंच केलं. सेलकर्कच्या या डोंगरांवर कॅरिबूंचा, म्हणजे बर्फाळ रानातल्या मोठ्या हरणांचा, जेमतेम एक कळप उरला होता. गाभण माद्यांना लांडग्यांनी धरू नये म्हणून हिवाळा सरताना त्यांना काळ्या कापडाच्या उंच कुंपणात आणायचे आणि पिल्लं धावायला लागली की सोडून द्यायचे. त्यांचं खाणं म्हणजे झाडांवर लोंबणारं काळं, केसाळ दगडफूल. गावात त्याला दाढीच म्हणतात. ही दाढी म्हाताऱ्या झाडांनाच येते, कोवळ्या झाडाला विचारत नाही. म्हणून नियम एकच होता, पडलेल्या झाडावरचीच दाढी घ्यायची. लोक पोती भरून पॉलीच्या कोठारात आणत आणि ती निवडत बसे.

आयनार लुंडग्रेन हा जन्मभराचा लाकूडतोड्या. त्याचं पोतं नेहमी अर्धंच असायचं. एकदा गावच्या सभेत पॉलीने सगळ्यांसमोर त्याला टोमणा मारला, "जन्मभर डोंगर बोडके केलेस, आता एक पोतं भरताना दम लागतो होय रे?" लोक हसले.

त्यानंतर त्याची पोती गच्च भरून यायला लागली आणि पॉलीच्या मनात पाल चुकचुकली. आधी तिला वाटलं, हा दुसऱ्यांची पोती पळवतो. तिने सगळ्यांकडे खोदून चौकशी केली, पण कुणाचं काही गेलं नव्हतं. मग वाटलं, खाली गवत कोंबत असेल. तिने पोतं पालथं केलं. आत नुसती दाढी होती, कोरडी आणि स्वच्छ. पडलेल्या झाडावरची दाढी चिखलाने माखलेली, अर्धी कुजलेली असते. ही तशी नव्हती. पॉलीने मूठभर उचलून झटकली, तर तिच्या झग्यावर पिवळसर भुसा पडला. त्याला ताज्या डिंकाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्याच्या गाडीमागे आपली गाडी घेऊन निघाली. द्यायच्या शिव्या तिने वाटेतच जुळवून ठेवल्या होत्या. वरच्या धारेवर पाच-सहा जुनी झाडं आडवी झाली होती आणि त्यातल्या एका बुंध्यावर बसून आयनार फांद्यांवरची दाढी हळुवार सोडवत होता.

"हे काय चालवलंयस?"

"नियमानंच घेतोय. पडलेल्या झाडावरची."

"पडलेल्या? पाडलेल्या म्हण."

"पाडलं की पडतंच ना झाड?" त्याच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. "वाऱ्यानं पाडलेलं चालतं, मग मी पाडलेलं का नाही? सगळी दाढी वर असते, पॉली. माझा हात पोचत नाही. गाभण माद्या उपाशी राहतील म्हणून केलं. आणि पोतं भर असं तूच म्हणालीस."

पॉलीच्या शिव्या तोंडातच राहिल्या. हा माणूस चोर असता तर तिला बरं वाटलं असतं.

"आयनार," तिने विचारलं, "कुंपण उघडल्यावर त्या जातील कुठं?"

"कुठं म्हणजे? इथंच. बर्फ साचला की ह्याच धारेवर येतात, बर्फावर चढून ह्याच झाडांची..." तो थांबला. त्याने आडव्या झाडांकडे पाहिलं, मग बुडख्यांकडे. हातातली दाढी त्याने मांडीवर ठेवली.

"परत कधी येईल ही?" पॉलीने विचारलं.

"आपली नातवंडं म्हातारी होतील तेव्हा कदाचित."

आपला संशय एकदा तरी खरा ठरावा असं पॉलीला जन्मभर वाटत आलं होतं. आज तो खरा ठरला आणि तिला रडू आलं. टाकून देण्यात अर्थ नव्हता, म्हणून दोघांनी मिळून राहिलेली दाढी पोत्यांत भरली. दुपारी तिने ती कुंपणात नेऊन पसरली. आयनार दारापर्यंत आला, आत येईना.

माद्यांनी ती अधाशासारखी खाल्ली. इतकी चांगली दाढी त्यांना त्या वर्षी कुणीच आणून दिली नव्हती.